चुलत्यांच्या बांधावरची झाडं

पुण्यात मी उपग्रहाच्या छायाचित्रांवर काम करते. मावळातल्या शेतांवरची झाडंझुडपं कुठं कमी झाली, ते जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून शोधायचं, तिथं लाल रंग भरायचा आणि मग जागेवर जाऊन खात्री करायची. एका दुपारी आंबीच्या बाजूला रंग भरता भरता माझा हात थांबला. ते शेत माझ्या चुलत्यांचं, आबांचं होतं. बांधावरचे आंबे, ओढ्याकाठचे करंज, सगळं गेलं होतं.

मला रागच आला. आबांनी घरात कुणालाच कळवलं नव्हतं. त्या रविवारी मी जाब विचारायचा म्हणूनच आंबीला गेले.

काकू ओसरीत खुर्चीवर होती. पक्षाघातानं तिची उजवी बाजू लुळी पडलीय, एवढं मला ठाऊक होतं. तिला आंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं आबा एकटे करतात, हे त्या दिवशी पाहिलं. त्यांचं शेतात जाणंच सुटलं होतं. म्हणून जमीन एका गुलाबवाल्याला कसायला दिली, आणि पॉलिहाऊसवर सावली नको म्हणून त्यानं झाडं काढायला लावली. जाब विचारायचा सोडून मी फक्त उपग्रहाच्या चित्रात शेत उघडं दिसलं, एवढं सांगितलं.

जुनं चित्र आहे का, असं आबांनीच विचारलं. मी लॅपटॉप काकूच्या मांडीवर ठेवला. हिरव्या ठिपक्यांवरून तिच्या डाव्या हाताचं बोट सरकत गेलं आणि एकावर थांबलं.

"माझा आंबा," ती कष्टानं म्हणाली. कोय लावून तिनंच तो वाढवला होता.

आबा खाली मान घालून म्हणाले, "तोडला ते हिला सांगितलं न्हाई मी. हितनं शेत दिसत न्हाई."

"आवाज आलता," काकू म्हणाली.

आबा बराच वेळ तिचा लुळा हात चोळत बसले. मी चहा टाकायला आत गेले.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा अंगणात, काकूच्या खुर्चीसमोर, आंब्याचं रोप होतं. ते चित्रात कधी येईल, आबांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की चित्रातला एक चौकोन या ओसरीएवढा असतो, रोप त्यात हरवून जाईल, बरीच वर्षं लागतील.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हिला दिसतंय."

नकाशात त्यांचं शेत मी लालच ठेवलं. झाडं गेली होती, ती गेलीच होती.