अखंड फळीचं दार

पुलाचा चढ संपला तशी हातगाडी थांबली. गाडीवाल्याने चाकाखाली दगड लावला आणि तो नळावर पाणी प्यायला गेला. काकांनी चादरीत गुंडाळलेल्या दारावरची दोरी पुन्हा आवळली. घरून निघाल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. दोरी काही सुटत नव्हती.

"काका, दार पळून नाही जायचं," मी म्हटलं.

"दार नाही गं. मी पळून जाईन म्हणून बांधतोय."

हे माझे सख्खे काका. धंदा सुताराचा. लोक त्यांना ढलपीकाका म्हणतात, कारण तासताना उडालेली ढलपीसुद्धा त्यांच्या हातून कधी वाया गेली नाही. लाकूड आलं की काका आधी ते आडवं टाकून त्याच्याभोवती फिरायचे, वाकून बघायचे, बोटाच्या पेरांनी ठोकून ऐकायचे. "आधी लाकडाला विचारायचं, मग गिऱ्हाइकाला," म्हणायचे. सरळ लांब भाग तुळईला, बाकदार भाग खुर्चीच्या पाठीला, गाठीगाठीचा भाग कुठे दिसणार नाही अशा खणाला. त्यातूनही उरेल त्याच्या खुंट्या. मी रोज सकाळी जिच्यापुढे हात जोडते ती देवाची फळीदेखील त्यांच्या उरल्यासुरल्यातलीच आहे.

घरात मात्र पाय ठेवायला जागा नसे. खाटेखाली तुकडे, दारामागे तुकडे, पिठाच्या डब्यावर तुकडे. काकू म्हणायची, "मी लाकूड असते तर बरं झालं असतं. निदान जपून तरी ठेवलं असतं ह्यांनी!"

"तू अखंड आहेस, तुला जपायला काय झालंय?" काका रंधा मारता मारता उत्तर द्यायचे. काकू लाजायची आणि मग जास्तच चिडायची.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, चिमणीला, हे सगळं सोसावं लागलं. तिचा पाट जोडलेला, तिची पेटी जोडलेली, अभ्यासाच्या मेजाला चार रंगांचे चार पाय. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव 'ठिगळी' पडलं. त्या दिवशी घरी येऊन ती रडली नाही, नुसती बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, मला एक तरी वस्तू अख्खी करून द्या."

काकांनी हातातली करवत खाली ठेवली. कोपऱ्यात जुन्या खोडाची एक रुंद फळी उभी होती. तशी रुंदी आता बघायलासुद्धा मिळत नाही. "तुझं घर होईल ना, त्याचं पुढचं दार ह्या एका फळीचं. मध्ये सांधा नाही."

तेव्हापासून त्या फळीला कुणी हात लावायचा नाही. चांगली चांगली गिऱ्हाइकं मागून गेली. काका तिच्या अंगाला दरवर्षी तेल चोळायचे. "लाकूड कामात असलं की जगतं, पडून राहिलं की मरतं," हे जगाला सांगणारा माणूस, पण त्या फळीपुढे स्वतःचंच बोलणं विसरला.

आता चिमणीचं घर झालं. पुढच्या चौकटीत ताडपत्री टांगून ती राहायला गेली. नवरा म्हणाला, बाजारातून तयार दार आणू. ती म्हणाली, "बाबांचं दार येतंय. तोवर वारा आला तर येऊ दे."

काकांनी फळी भिंतीपासून ओढली, आणि भिंतीकडच्या अंगाला त्यांना बारीक बारीक भोकं दिसली. तरी त्यांनी करवत लावली. भुसा पडायच्या ऐवजी पिठासारखी भुकटी पडली. इतकी वर्षं त्यांनी तेल चोळलं ते दर्शनी बाजूला. पाठ कधी वळवून पाहिलीच नाही. काकू सांगत होती, दिवसभर जेवले नाहीत, त्या भुकटीत बोट फिरवत बसले होते.

मग त्यांनी घरातले सगळे तुकडे अंगणात मांडले. एकाच्या रेघा दुसऱ्याच्या रेघांना लावून बघितल्या, काढले, परत मांडले. खाटेखालचं, दारामागचं, पिठाच्या डब्यावरचं, सगळं त्या दारात गेलं. त्या फळीचा जेवढा भाग धड निघाला तेवढा बरोबर कडीच्या जागी बसवला. "रोज हात तिथेच लागणार," एवढंच म्हणाले.

दार मी पाहिलं होतं. माझी नजर त्यावरून हलेना. पण मला ठिगळी कुणी म्हटलेलं नव्हतं.

गाडीवाला तोंड पुसत आला. चाकं पुन्हा कुरकुरू लागली. चिमणीची गल्ली आता जवळ आली होती.

"काका, तिला सांगा ना," मी म्हटलं, "अख्खी फळी ओलीत फुगते, उन्हात वाकते. तुकडे एकमेकांना धरून ठेवतात. हे तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"ते गिऱ्हाइकाला सांगायचं." ते थोडं चालले. "खोटं नाही ते. पण लेकीनं फळी मागितली होती, शहाणपण नव्हतं मागितलं."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पदर सावरून चालत राहिले.

वळणावर आलो तर समोर तिचं घर. वाऱ्याने ताडपत्री आतबाहेर होत होती. काकांनी गाडीवाल्याला हाताने थांबवलं. दोरीला हात लावला, या वेळी मात्र आवळली नाही.

"पोरी, एक काम करशील?"

"सांगा ना."

"चादर मी काढीन. तेव्हा माझी मान खाली असेल, मला वर बघवणार नाही. तू दाराकडे बघू नकोस, तू बघितलंयस ते. तू तिच्या तोंडाकडे बघ. पहिल्यांदा जे दिसेल ना, ती हसायच्या किंवा बोलायच्या आधी, ते परत जाताना मला सांग. माझं मन राखायला म्हणून काही जोडू नकोस त्यात. तेवढं मात्र मला अखंड दे."