साहेबाचा रुमाल आणि पॅरिसचा फोन

"चल, ते धनगरी आलो म्हणून दाखव."

साहेब म्हणाला आणि दाढेत अडकलेलं चिकन करंगळीनं उकरत राहिला. करंगळी बाहेर काढली, निरखली, टेबलक्लॉथला पुसली. समोर फ्रान्सहून आलेले दोन पाहुणे. दारात मी. शिक्रापूरजवळच्या त्या कारखान्याचा टेलिफोन ऑपरेटर. कायमचा टेंपररी.

ह्या 'आलो'चं सांगतो. फ्रेंच माणूस फोनवर हॅलो म्हणत नाही, आलो म्हणतो. एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. पॅरिसचा पहिला फोन आला तवा मी विचार केला, पॅरिस लय लांब. आन् लांबच्या माणसाशी बोलायची आमच्या मेंढक्यांची रीत ठरलेली. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्याला आधी हाळी द्यायची. तिकडून हाळी आली की मगच बोलायचं. मी बेंबीच्या देठापासून 'आलोऽऽऽ' ठोकलं आणि गप्प बसून वाट बघितली. कॅन्टीनमधले कप तडकले. हायवेवरचे ट्रक कडेला लागले. पॅरिसातली कबुतरं अजून खाली उतरली नसतील.

साहेब हसत हसत केबिनमधून आला. माझ्या हातातला रिसीव्हर घेतला. खिशातून रुमाल काढला, रिसीव्हर दोन्ही टोकांना पुसला आणि मग कानाला लावला.

तो रुमाल माझ्या डोक्यात बसला.

फ्रेंच शिकायला दर रविवारी शिरूरहून जीपला लटकून दौंडला जायला लागलो. तिथं रेल्वे कॉलनीत कॉन्व्हेंटात शिकलेल्या एक म्हाताऱ्या मिस राहायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा आलो ऐकला आणि म्हणाल्या, "बेटा, चिल्लाओ मत. वो आदमी तुम्हारे कान में बैठा है."

मग मी हळू बोलायला शिकलो. कोण बोलतंय, की एता लापारेय. जरा थांबा, न कित्ते पा. साहेब मीटिंगमध्ये आहेत, हे तर इतकं पाठ झालं की जेवणानंतर घोरणाऱ्या साहेबाला मी रोज मीटिंगला बसवायचो. फ्रेंच लोक 'र' ओकारी दाबल्यासारखा घशातून काढतात. तो सराव मी गोठ्यात केला. म्हैस आठवडाभर आटली.

पण साहेबाला माझं चांगलं बोलणं नकोच होतं. कुणी आलं की मला केबिनमध्ये बोलवायचा आणि म्हणायचा, पहिल्यासारखं कर. मी करायचो. दात काढून करायचो. परमनंट करणं त्याच्या हातात होतं. घरी गेलो की राखुंडीनं जीभ घासायचो. चव जायची नाही.

फ्रान्सचे ते दोन पाहुणे जेवायला बसले त्या दिवशी मात्र आवाज फुटेना. साहेब चिडला. तेवढ्यात त्याला खिडकीतून गेटवर आबा दिसले. माझा बाप. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून परत जाताना मला भेंडी द्यायला थांबलेले. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं.

"त्याला आत घ्या," साहेब म्हणाला. "ओरिजनल माल आहे."

आबा आले. फरशी बघून वहाणा बाहेर काढल्या. साहेबानं सांगितलं, बाबा, जरा हाळी देऊन दाखवा. एका पाहुण्यानं कॅमेरा उचलला. आबांनी मेंढरं विकली त्यानंतर त्यांना हाळी द्या म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. छाती भरून घेतली. हात तोंडाशी नेला.

साहेबानं हसू पुसायला रुमाल आधीच काढून ठेवला होता. तोच रुमाल.

मी आबांच्या तोंडावर तळवा ठेवला.

"आबा, नगं. हितं उलटून हाळी देणारं कुणी न्हाई."

आबांनी प्लेटमधली हाडं बघितली. कॅमेरा बघितला. रुमाल बघितला. पिशवी उचलली.

"मग थांबलाईस कशाला?" म्हणाले.

साहेब दात आवळून बोलला, "परमनंट व्हायचंय ना तुला?"

"साहेब, मी फोन घ्यायला लागलो होतो. जनावरं बघायची असतील तर सर्कस बोलवा."

पाहुण्यानं फ्रेंचमध्ये विचारलं, काय झालं? मला समजलं. मी सांगितलं नाही. त्याचं त्यानं शोधावं.

नोकरी गेली. कपांचं, ट्रकांचं, म्हशीचं खरं मानू नका, माझं तोंडच तसलं आहे. पण त्या दिवशी तळव्याला टोचलेल्या आबांच्या मिशा खऱ्या. अजून टोचतात.

पुढं दुसऱ्या कारखान्यात फोनवरच बसलो. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबाला सांगून टाकलं. माझ्या हातातला रिसीव्हर पुसून घेतलेला दिसला, तर त्यानंतर फोन वाजत राहील. पॅरिसचा असो नाहीतर दिल्लीचा. मी उचलणार नाही.