दोनहाते पेंटर सफरचंदं तळतात

दोनहाते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रंगकामात भिंतीला रंगाचा एक थर दिला की त्याला एक हात म्हणतात, आणि एका हातात काम उरकून पसार होणारे पेंटर पैशाला पासरी मिळतात. आपले पेंटर त्यातले नव्हते. पहिला हात, मग वाळवण, मग दुसरा हात, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा नेम. एखादा घरमालक म्हणाला, "अहो, एकाच हातात झकास दिसतंय की!" तर हे ब्रश खाली ठेवून म्हणायचे, "दिसणारच. ओली भिंत आणि नवा जावई पहिल्या दिवशी छानच दिसतात. आठवड्यानं बघा." यावर घरमालक दुसऱ्या हाताला तयार व्हायचा, कारण बहुतेकांच्या घरी एखादा जावई असतोच.

माणूस तसा साधा. उंच, किडकिडीत, भुवयांत कायम पांढऱ्या रंगाचे दोन-चार ठिपके. कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघायचे. समाचाराला गेले तरी तेच. लोकांना वाटायचं, बिचारे देवाकडे बघताहेत, आणि हे बघत असायचे पोपडे कुठे धरलेत ते. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांत एकटे राहायचे. सकाळी चहा, दुपारी डबा, संध्याकाळी जे असेल ते. तक्रार नव्हती आणि मजाही नव्हती.

मग लायब्ररीचं काम आलं.

काम होतं आठ दिवसांचं, पेंटरांना लागले बावीस. भिंती तितक्याच होत्या, पण समोर लायब्ररीवाल्या बाई बसायच्या. वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, भावाच्या घरी राहायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी मागच्या बाकावरचा माणूस सरळ बसेल. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दुसरा हात देणार ना? मागच्या पेंटरनं एकातच गुंडाळलं." झालं. माणूस कशावर भाळेल त्याचा नेम नाही, आमचे पेंटर या एका वाक्यावर भाळले. त्यानंतर त्यांना रोज कुठे ना कुठे एखादी भेग सापडू लागली. खिडकीच्या आतल्या बाजूला, जिथे माणूसच काय पालही जात नाही, तिथे त्यांनी तीन हात दिले.

बाविसाव्या दिवशी सापडायला भेगच उरली नाही. पेंटर शिडीवर आठव्या पायरीवर उभे होते, बाई खाली शिडी धरून उभ्या होत्या. जमिनीवर हा माणूस बोलूच शकला नसता. वर मात्र पस्तीस वर्षांचा सराव होता, म्हणून छताकडे तोंड करून त्यांनी एका दमात विचारून टाकलं, की बाई, या वयात हसाल, पण माझ्याशी लग्न कराल का. शिडी तसूभरही हलली नाही. खालून आवाज आला, "आधी खाली उतरा." ते उतरले. शेवटच्या दोन पायऱ्या एकदमच आल्या.

"रविवारी दुपारी चारला मी तुमच्या घरी येते," बाई म्हणाल्या. "तेव्हा सांगेन. आणि हे बघा, माझ्यासाठी बाजारात पळायचं नाही. घरात असेल त्यातलं काहीतरी चालेल मला."

शनिवारची रात्र पेंटरांनी कशी काढली ते विचारू नका. होकार आला तर काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं आणि नकार आला तर लायब्ररीच्या रस्त्यानं पुन्हा कधी जायचं नाही एवढंच माहीत होतं. म्हणजे अर्धं गाव बंद. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघराची झडती घेतली. शब्द म्हणजे शब्द, बाजारात जायचं नाही. सापडलं ते असं: मैदा, साखर, थोडी पिठीसाखर, तेल, दोन अंडी, अर्धा लिटर दूध, चहात टाकायची दालचिनी, एक लिंबू, बहिणीनं मागे कधीतरी आणून ठेवलेला बेकिंग पावडरचा डबा आणि डॉक्टरांनी रोज एक खा म्हणून सांगितलेली, पण कुणी न खाल्लेली चार सफरचंदं. पेंटरांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"छोटे, मैदा, अंडी आणि सफरचंदं, यांचं काय होतं?"

"का? कुणी येणारे का?"

"कुणी नाही. असंच."

"दादा, तू नऊ वर्षांत मला कधी स्वयंपाकातलं विचारलं नाहीस. लायब्ररीवाली ना?" फोनमधून असं खिदळणं ऐकू आलं की पेंटरांनी तो कानापासून वीतभर लांब धरला. "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! बरं, ऐक. सफरचंदाच्या गोल चकत्या काप, मधलं बियांचं काढून टाक. मैदा, साखर, चिमूटभर मीठ, दालचिनी, बेकिंग पावडर, अंडं आणि दूध घालून पीठ भिजव. त्यात चकत्या बुडवायच्या आणि तळायच्या. वरून पिठीसाखर. शेंबडं पोरगंसुद्धा करेल."

"पीठ किती दाट?"

"चमच्याला धरलं पाहिजे, पण चिकटून बसता कामा नये."

"म्हणजे इमल्शन रंगासारखं," पेंटर म्हणाले, आणि त्यांच्या जिवात जीव आला. हे त्यांना येत होतं. उगीच लोक स्वयंपाकाचा एवढा बाऊ करतात.

कामाला लागायचं म्हणजे आधी बंदोबस्त. त्यांनी स्वयंपाकघरभर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. शेगडीच्या कडांना चिकटपट्टी लावली. डोक्याला रुमाल बांधला. खोकल्याच्या औषधाचं झाकण स्वच्छ धुऊन त्यानं चकत्यांच्या मधला भाग असा गोल कापून काढला की एकही कड वाकडी नाही. चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकल्या. पीठ कालवलं आणि सवयीनं पातळ फडक्यातून गाळून घेतलं. काडी बुडवून उभी धरली, थेंब कसा ओघळतो ते डोळा बारीक करून बघितलं, आणखी दोन चमचे दूध घातलं, पुन्हा धरली. छान. घड्याळात अडीच वाजले होते. पेंटरांना वाटलं, साडेतीनला सगळं तयार, ताटली सजवलेली, आपण नवा सदरा घालून बाहेरच्या खोलीत.

आणि इथेच दोनहातेपणा आडवा आला. या माणसाला काहीही एका हातात संपवणं जमतच नाही. त्यांनी चकत्या पिठात बुडवल्या, ओळीनं वर्तमानपत्रावर मांडल्या आणि पहिला हात वाळायला पंखा पाचवर करून ठेवला. स्वतः स्टुलावर बसून वाट बघत राहिले. वीस मिनिटांनी दुसरा हात द्यायला चकती उचलली तर सोबत अर्धं पान उठलं. ओढली तर पीठ कागदाला आणि कागद सफरचंदाला. एका चकतीवर सोन्याचे भाव आले, एकीवर हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात. कुत्र्याचा फोटो अगदी स्वच्छ उठला होता.

पेंटर हसले, मग घड्याळाकडे बघून हसायचे थांबले. सव्वातीन.

वाळवण नको म्हणून पुढच्या चकत्या त्यांनी लिंबाच्या पाण्यातून काढल्या, थेट पिठात बुडवल्या आणि तापलेल्या तेलात सोडल्या. चर्र असा झकास आवाज झाला. पेंटर आनंदानं वाकून बघतात तर पीठ एकीकडे आणि सफरचंद दुसरीकडे. अंगावरची शाल टाकून पळालेल्या माणसासारखी उघडीबोडकी चकती कढईभर पोहत होती आणि पिठाचे गोळे तिच्या मागे लागले होते. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. पेंटरांच्या तोंडचं पाणी पळालं. साडेतीन वाजून गेले होते, चकत्या संपत चालल्या होत्या, आणि चार म्हणजे चारला येणारी बाई होती ती. पुस्तक एक दिवस उशिरा परत केलं तरी चष्म्यावरून बघायची.

झारा हातात धरून ते त्या नागड्या चकतीकडे बघत उभे राहिले आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. पिठाचा हात कपाळाला लागला तो लागलाच. ओली भिंत! ओल्या भिंतीवर कुठला रंग धरायला? पस्तीस वर्षं लोकांना ओरडून सांगतोय आणि स्वतः काय केलं? त्यांनी उरलेल्या चकत्या एकेक करून फडक्यानं कोरड्या टिपल्या. मग ताटलीत सुका मैदा पसरला आणि चकत्या दोन्ही बाजूंनी त्यात घोळवल्या, झटकून जास्तीचा पाडला. "प्रायमर," ते स्वतःशीच म्हणाले. नंतर पिठात बुडवून दोन चकत्या तेलात सोडल्या. त्या टम्म फुगल्या. पीठ जागचं हललं नाही. कडा सोनेरी होऊ लागल्या आणि दालचिनीचा असा घमघमाट सुटला की पेंटरांनी एकट्यानंच, झारा उंच धरून, वर्तमानपत्रांवर एक गिरकी घेतली.

गिरकी पुरी झाली तेव्हा दारात बाई उभ्या होत्या.

"दार उघडंच होतं," बाई म्हणाल्या. घड्याळात चारचे ठोके पडत होते. पेंटरांच्या डोक्याला रुमाल, कपाळाला पीठ, अंगात बनियन.

"तुम्ही... बाहेर बसा ना. मी आलोच. ताटली अजून मांडली नाही."

"बाहेर काय आहे? सगळं तर इथे चाललंय." बाईंनी चपला काढल्या, वर्तमानपत्रांवरून जपून पावलं टाकत आल्या आणि शेगडीजवळच्या स्टुलावर बसल्या. "तळा तुम्ही. करपतंय ते."

पेंटरांनी घाईघाईनं चकत्या काढल्या. सजावट राहिली, नवा सदरा राहिला. हातात आली ती ताटली घेतली, त्यात दोन्ही चकत्या टाकल्या, वर पिठीसाखर भुरभुरवली आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी फुंकर मारून घास घेतला. "हा! हा!" करत तोंडासमोर हात हलवला, पण घास काही सोडला नाही. मग दुसरी घेतली. ती संपली तेव्हा पुढच्या दोन तयार होत्या. त्याही ताटलीत पडल्या, त्याही गेल्या. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत.

आता शांतता हाच जिचा धंदा त्या बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ कुणी काय लावायचा? पेंटरांनी वाईटच लावला. साखर कमी पडली असेल. घराचा हा अवतार बघून मन उडालं असेल. नकार कसा द्यावा याचे शब्द जुळवत असतील. त्यांनी पुढचा घाणा सोडला आणि पाठ फिरवूनच उभे राहिले, कारण नकार पाठीवर घेणं जरा सोपं वाटलं.

"पेंटर," बाई म्हणाल्या.

"बोला."

"मी अकरा वर्षांची असल्यापासून तळतेय. आधी भावांसाठी, मग भाच्यांसाठी. किती घाणे काढले असतील त्याचा हिशेब नाही. सगळ्यांचं झाल्यावर मी बसायची. तोवर उरलेलं गार आणि तेलानं मऊ पडलेलं असायचं. मला वाटायचं, याची चव अशीच असते." त्या थांबल्या. पेंटरांनी वळून बघितलं. बाईंच्या ओठांवर पिठीसाखर होती आणि डोळ्यांत पाणी, आणि त्या हसत होत्या. "कढईतून माझ्या ताटलीत आज पहिल्यांदा पडलंय. त्रेपन्नाव्या वर्षी. अहो, कुरकुरीत असतं हे!"

पेंटरांना इतका आनंद झाला की तो ठेवायला बनियनला खिसाही नव्हता.

"जीभ भाजली का?"

"भाजली की. मस्त भाजली."

"मग... ते... शिडीवरचं?"

"हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो. कधीचं हो आहे. बावीस दिवसांपैकी नवव्या दिवसापासून आहे."

"अहो, मग त्याच वेळी का नाही सांगितलंत? चार रात्री झोप नाही मला!"

"आठव्या पायरीवर होतात. पडला असतात."

पेंटर मोठ्यानं हसू लागले, बाई हसू लागल्या, आणि हसता हसता दोघांनाही एकदमच वास आला. कढईतून धूर निघत होता. चकत्या कोळशासारख्या काळ्या. बाई ताडकन स्टुलावरून उठल्या, हात झाऱ्याकडे गेला. अकराव्या वर्षापासूनचा हात तो, त्याला विचारावं लागत नाही. झाऱ्यापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. बाईंनी झाऱ्याकडे बघितलं, पेंटरांकडे बघितलं, मग हात मागे घेतला आणि पुन्हा स्टुलावर ऐसपैस बसल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही उठायची. तुमचं तुम्ही बघा."

आणि त्यांनी रिकामी ताटली पुढे केली.