सुंदराचं मूळ

छगनचा स्वभाव मोठा हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही. उधन्यात लूमच्या, म्हणजे कापडाच्या मागांच्या, कारखान्यासमोर त्याची गाडी उभी असायची, भाड्यानं चालवायचा. धाकटी बहीण सुंदरा त्याच शहरात, गोडादऱ्यात दिली होती. दोघंही मूळचे नंदुरबारकडचे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी जायचं, आणि तेही भावानं मूळ होऊन न्यायला यायचं, अशी खानदेशची रीत. हृदयाच्या दुखण्यानं सुंदराची मागची आखाजी दवाखान्यात गेली. यंदा डॉक्टर म्हणाले, ‘‘न्या, पण ऊन लागू देऊ नका.’’ आजारी बाईच्या अंगात तेवढ्यानंच बळ आलं. गावच्या आखाजीच्या झोक्याशिवाय तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

नेमका तेव्हाच गाडीचा एसी रुसला. बाहेर ऊन आग ओकतंय आणि आत नुसती कोमट फुंकर! गॅरेजवाल्यानं गॅस भरून दिला. गाडी पळती असली की जरा गार, सिग्नलला थांबली की पुन्हा तेच.

ठरल्या दिवशी सकाळी छगननं फोन केला. ‘‘सुंदरा, आज नको. एसी नीट झाला की उद्या निघू.’’

‘‘भाऊ, एसी ऱ्हाऊ दे. काचा उघाड्या ठेव, पन माले गावले घेऊन चाल.’’

‘‘गप बस. वाटेत बारडोलीच्या पुढं ऊन लागलं तर काय करू मी?’’

अहो, चूक तरी कशी म्हणावी? जीव होता त्याचा बहिणीवर.

दुपारी त्यानं स्वतःच पुढची जाळी खोलली, आणि कपाळावर हात मारला. रेडिएटरपुढच्या, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवर लूममधून उडालेल्या सुताचा थर बसला होता, तेलानं चिकटून घट्ट झालेला. हवा जाणार कुठून? गॅसचा काही दोषच नव्हता. त्यानं ब्रशनं हलक्या हातानं थर काढला, पाण्यानं धुतलं. इंजिन सुरू केलं आणि उभ्या गाडीत थंडगार हवा आली. छगन एकटाच हसला. उद्या कशाला, आत्ताच निघू म्हणून त्यानं फोन लावला.

फोन सुंदराच्या नवऱ्यानं, गणपतनं उचलला. ‘‘छगनभाऊ, लवकर या.’’ एवढंच बोलला.

छगन पोचला तेव्हा सुंदराला जमिनीवर निजवलं होतं.

‘‘सकाळपासून नवं लुगडं नेसून दारात बसली होती,’’ गणपत रडत म्हणाला. ‘‘म्हटलं, आत ये, ऊन आहे. म्हणे, भाऊचं काही खरं नाही, मन बदललं तर आजच येईल. म्हटलं, मी बसनं नेतो. तर म्हणे, आपल्या पायांनी कोण जातं माहेरी? बसल्या जागीच कलंडली.’’

छगननं त्याचे हात धरले. ‘‘दाजी, मी नेतो तिला गावी. गाडी गार झालीय आता. वाटेत काही त्रास होणार नाही तिला.’’

शेजारच्या धुरपदाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘भाऊ, सवाष्ण आहे ती. तिचं शेवटचं सगळं सासरच्यांनीच करायचं. आता माहेरी नाही नेता येत.’’

छगन खाली बसला. बहिणीचे पाय कुशीत घेऊन तो ओरडला, ‘‘काचा उघड्या ठेवून नेली असती गं तुला!’’