गाडीत गॅस नको

नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. गेली म्हणजे कंपनीने त्याला राजीनामा लिहायला सांगितलं आणि त्याने लिहिला. दोन महिने तो घरात गप्प बसून होता. मग एके दिवशी एक जुनी सतरा सीटची गाडी घेऊन आला. म्हणाला, "हिचं घर करायचं. वर सोलर, आत बॅटरी, पाण्याची टाकी. रानात कुठेही जाऊन राहायचं. ना कुणाची लाइट, ना कुणाचा नळ."

मी शाळेत शिकवते, सुट्ट्या भरपूर. आणि त्याच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी तजेला दिसत होता. मी हो म्हटलं.

काम वाघोलीला वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये सुरू झालं. माणूस तिथलाच. पूर्वी त्यांची शेती होती तिथे आता अकरा मजली इमारती आहेत, त्यांच्या मागे ही पत्र्याची शेड. पलंग ठरला, कपाटं ठरली, सिंक ठरलं. अडलं शेगडीवर.

"पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि दोन बर्नर," नवरा म्हणाला. "महिना जाईल."

"गाडीत गॅस नको. इंडक्शन लाव."

"इंडक्शन दोन हजार वॅट खातं. एक वरण-भात केला की बॅटरी झोपली. आणि घरात गॅसच आहे की आपल्याकडे."

"घर हलत नाही."

मग बुधवार पेठेत एका दुकानात गेलो. बॅटरीवर चालणारं इंडक्शन मिळेल का, असं मी विचारलं. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "चालेल की. फक्त गाडीच्या मागे बॅटऱ्यांची एक ट्रॉली जोडून घ्या." नवरा हसला. मला हसू आलं नाही.

रस्त्यावर आल्यावर तो माझ्याकडे वळला. "तुला गाडीच नको असेल तर तसं सांग. शेगडीच्या आडून बोलू नकोस. नोकरी गेल्यापासून सगळे मला लहान मुलासारखं समजावतात. आता तूही."

माझ्याकडे उत्तर होतं, पण लग्नाला चोवीस वर्षं होऊन गेली तरी ते मी त्याला कधी दिलं नव्हतं. तिथे, रिक्षांच्या हॉर्नमध्ये उभं राहून तर ते देता येण्यासारखं नव्हतंच. मी म्हटलं, "लाव तुला हवं ते."

गॅस बसवताना फॅब्रिकेटर म्हणाला, "ताई, एक ध्यानात घ्या. ह्यो गॅस वर जात नाय, पाण्यावानी खाली बसतो. तळाला भोक पाडायला पायजे, म्हंजे गळाला तर भाईर जाईल."

"भोकातून रस्त्याची धूळ आत येईल," नवरा म्हणाला. "जाळी मिळाली की बघू." ते राहून गेलं.

पहिल्यांदा आम्ही पानशेतच्या पाण्याजवळ जाऊन राहिलो. रस्ता फार वाईट होता, शेवटचे दोन-तीन किलोमीटर भांडी आदळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती वासाने. माझा पलंग खालचा होता. डोळे उघडले तर नवरा ओट्यापाशी उभा, पातेल्यात चहाचं पाणी, हातात लाइटर.

"थांब!"

तो दचकला, वैतागला. "काय झालं?"

"हात खाली कर. काही पेटवू नकोस. लाइट नको, पंखा नको, कशालाही हात लावू नकोस. दार उघड."

माझा आवाज त्याने असा कधी ऐकला नसावा. त्याने मुकाट्याने दार उघडलं. मी गुडघ्यांवर बसून ओट्याखालच्या कपाटात हात घातला. वास तिथे इतका होता की डोळ्यांना पाणी आलं. रेग्युलेटरचं बटण बोटांना सापडेना. सापडलं, पण आधी उलट्या बाजूला फिरवलं, ते अडलं. मग बंद झालं. आम्ही अनवाणी गवतात जाऊन उभे राहिलो, गाडीपासून लांब.

"मला वासच आला नाही," तो म्हणाला. "कालपासून सर्दी आहे." मग एका दगडावर बसला. "तू ओरडायच्या आधी मी लाइटर एकदा दाबला होता. ठिणगी पडली नाही."

तेव्हा मी त्याला आईचं सांगितलं. मी आठ वर्षांची होते. आम्ही एका खोलीत राहायचो, आई पंपाच्या स्टोव्हवर स्वयंपाक करायची. एका दुपारी स्टोव्ह भडकला. मी दारात होते, आणि मला हलताच आलं नाही. शेजारच्या काकूंनी आईवर गोधडी टाकली. आई वाचली. पण हॉस्पिटलात पोलीस आले आणि तिला पुन्हा पुन्हा विचारू लागले, खरं सांगा, नवऱ्याने केलं का? बाबा बाहेरच्या बाकावर बसून ते ऐकत होते. आमच्या घरात त्या दुपारचा विषय परत कधी निघाला नाही.

"इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"आई भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज का घालायची, तू कधी विचारलंस?"

त्याने मान हलवली, नाही अशी.

वाघोलीला परत आल्यावर तो फॅब्रिकेटरला म्हणाला, "काढून टाका सगळं. गॅस नको, नाहीतर गाडीच विकतो." ओट्याखाली पाइपचा एक जोड धक्क्यांनी सैल झालेला निघाला. नवऱ्याने तो दोन बोटांनी हलवून पाहिला.

मला मात्र राहून राहून एकच वाटत होतं: या वेळी मी हलले होते. बटण मी बंद केलं होतं. मी म्हटलं, "काढा, पण टाकून नका देऊ. बाहेर बसवा."

"तवाच म्हनलो व्हतो, भोक पाडा," फॅब्रिकेटर एवढंच बोलला आणि कामाला लागला.

आता सिलिंडर गाडीच्या मागे वेगळ्या पेटीत असतो. पेटी फक्त बाहेरून उघडते आणि तिच्या तळाला जाळी आहे. मागच्या बाजूला खाली पाडायची एक फळी आहे, शेगडी तिच्यावर. आत एक लहानसं इंडक्शन आहे, ऊन असलं तर त्यावर चहा आणि खिचडी होते. पाऊस असेल त्या दिवशी भाकरी नाही. दहीपोहे खायचे आणि खिडकीतून बघत बसायचं.

शेगडी मीच पेटवते. त्याआधी नवरा साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून प्रत्येक जोडावर फिरवतो आणि बुडबुडे येतात का ते चष्मा लावून बघत बसतो. मी चहाचं पातेलं धरून उभी.

"झालं का?"

"थांब गं, अजून एक जोड राहिलाय."