करपलेल्या कण्यांचं एम. ए.

काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि फोन वाजला. बुलडाण्याहून कौसल्याचा मुलगा आनंद बोलत होता. "मावशी, आई गेली... पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. असं कुणी म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच आलं. फोन ठेवून वळले तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की कौसल्याने हे पाहिलं असतं तर ती खूश झाली असती. माझ्या स्वयंपाकघरात काही उतू गेलं, करपलं, की तिला मनापासून आनंद व्हायचा. ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून सगळं नीट सांगते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मलकापूरच्या एका शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी शिक्षिका म्हणून लागलो. मी धामणगाव बढ्याच्या शेतकरी घरातली. वडील नव्हते, थोरला भाऊ, दादा, म्हणेल तसं घर चालायचं. कौसल्या रेल्वेत खलाशी असलेल्या बौद्ध बापाची लेक, त्यांच्या वस्तीतली पहिली बी. ए. झालेली मुलगी. दोघींनाही एम. ए. व्हायचं होतं, पण नागपूरला राहून शिकायची ऐपत नव्हती. तेव्हा नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा द्यायची आणि खर्च वाचवायला एकत्र खोली घ्यायची, असं ठरवलं. खोली काही मिळेना. भाडं ठरायचं, मोरी दाखवून व्हायची, मग कौसल्याचं आडनाव आणि गाव विचारलं जायचं, आणि ती खोली अचानक घरमालकाच्या पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघायची. "चाल वं," कौसल्या म्हणायची, "मलकापुरात पुतणेच लय झाले!" हसायची ती, पण परतीच्या वाटेवर माझ्या पुढे झपाझप चालायची. शेवटी कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे राहणाऱ्या फातमाबी नावाच्या म्हातारीने खोली दिली. तिने एवढंच विचारलं, "रात को बत्ती जलाके पढोगी ना? फिर मुझे चोरों का डर नहीं." दादाला कळलं तेव्हा तो काही दिवस माझ्याशी बोललाच नाही. पण खोली सोड, असंही म्हणाला नाही.

माझा विषय त्यानेच ठरवला होता. अर्थशास्त्र. नवीन कॉलेजं निघणार, अर्थशास्त्राच्या मास्तरांना मरण नाही, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. "दोन वर्षं देतो तुले," तो म्हणाला होता, "एम. ए. झाली तं कॉलेजात लाग. नाही झाली तं मंग मी पाहीन त्या घरी मुकाट्यानं जाय." मुलगा जवळजवळ पाहूनच ठेवला होता, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती. मी अर्थशास्त्राची पुस्तकं आणली आणि औषध घेतल्यासारखी रोज थोडी थोडी वाचू लागले. कौसल्याने मात्र कुणाला न विचारता मराठी घेतलं. "मले आवडते," एवढंच तिचं कारण. आवडतं म्हणून विषय घ्यायचा असतो, हे मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

शाळा, तपासायच्या वह्या, वर स्वयंपाक... अभ्यासाला वेळ उरायचा नाही. त्यावर कौसल्याने युक्ती काढली. एकीने स्वयंपाक करायचा, दुसरीने शेजारी बसून मोठ्याने वाचायचं. एक दिवस माझं पुस्तक, एक दिवस तिचं. आणि जेवायच्या आधी रांधणारीने ऐकलेलं सगळं आपल्या शब्दांत सांगायचं. सांगितल्याशिवाय ताट नाही. स्वयंपाक तरी कसला? बहुतेक दिवस ज्वारीच्या कण्या. दळताना चाळून काढलेला भरडा उकळत्या पाण्यात मीठ घालून शिजवायचा, वर ताक नाहीतर तेल-तिखट घ्यायचं. त्याच्याइतकं सोपं जगात काही नसेल. फक्त सारखं हलवत राहावं लागतं, नाहीतर बुडाला लागलंच म्हणून समजा. आमच्याकडे भांडंही एकच होतं, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातळ पातेलं.

कौसल्या मला अर्थशास्त्र वाचून दाखवायची तेव्हा माझ्या कण्या लोण्यासारख्या मऊ व्हायच्या. मागणी, पुरवठा, पळी फिरते आहे, सगळं व्यवस्थित. पण ती तिचं मराठी काढायची तेव्हा माझं काहीतरी बिनसायचं. एकदा तिने महानुभावांच्या जुन्या गद्यातला एक प्रसंग वाचला. शेकडो वर्षांपूर्वीची ती माणसं माझ्या धामणगावच्या आजीसारखी बोलत होती! पुण्याकडच्या एका बाई शाळेत माझ्या ज्या बोलण्याला हसल्या होत्या, त्याचं मूळ इतकं जुनं आणि इतकं देखणं होतं. पळी हातातच राहिली आणि खोलीभर धूर झाला. "अवं, सांग ना काय समजलं ते," कौसल्या खोकत म्हणाली. मी बोलत सुटले ते थांबेचना. त्या दिवशी करपलेलं खाऊन झोपलो. पुढेही तिच्या पुस्तकाची पाळी आली की हेच व्हायचं. मला वाटे, मी वेंधळी आहे. कौसल्या नुसती पाहायची.

कापसाच्या हंगामात दादा गाडी घेऊन मलकापूरला आला आणि दिवेलागणीला पहिल्यांदाच आमच्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला. "बसा ना दादा," कौसल्या म्हणाली, "कण्या टाकल्या हायेत." तो सतरंजीच्या कडेला टेकला. मी पातेल्यापाशी. कौसल्याने काही न सांगता तिचं पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. पाहुण्यासमोर ही हे काय करते आहे, असं वाटून मी कानकोंडी झाले... आणि मग नेहमीप्रमाणे ऐकायलाच लागले.

"अवं, जयून राह्यलं ना ते!" दादा ओरडला. कण्या पुन्हा जळत होत्या.

कौसल्याने पुस्तक मिटलं. "पाह्यलं ना दादा? अर्थशास्त्र वाचलं का कधीच जयत नाही. हे वाचलं का हिले भान राहत नाही. लय दिवसापासून पाहून राह्यली मी. जिथं हिचा जीव नाही, त्यात हिले कोन पास करन? मराठी घेऊ द्या. एक वर्ष जास्त द्या. मी सारं हिच्यासंग पुन्हा वाचीन."

मी खाली मान घालून बसले होते. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या धुरात टांगलं होतं. आणि दुसरीही एक भीती होती: हा न जेवताच उठला तर कौसल्याला काय वाटेल? दादाने पातेल्यात डोकावून पाहिलं. मग उठला, मोरीवर हात धुतले, परत येऊन नीट मांडी घालून बसला. "वाढा," तो म्हणाला. कौसल्याने वाढलं. आमच्या घरचा माणूस तिच्या हातून वाढलेलं पहिल्यांदा जेवत होता, आणि तेही करपलेलं! ताक ओतून त्याने सगळं संपवलं. "कडू हायेत," म्हणाला. निघताना टोपी घालत माझ्याकडे वळला, "जे वाचतानी जयते तेच घे मंग. पन एकच वर्ष." आणि कौसल्याला म्हणाला, "बाई, तुमच्यावर सोपवलं."

तिने शब्द पाळला. स्वतः पुढच्या वर्षाच्या अभ्यासात असताना माझ्यासाठी मागचं सगळं पुन्हा वाचलं, आणि कंटाळली असं एकदाही दाखवलं नाही. मी एम. ए. झाले, शेगावजवळच्या एका नव्या कॉलेजात लागले, जन्मभर आवडीचं शिकवलं आणि त्याचा पगारही घेतला. एवढं भाग्य किती जणांना लाभतं? लग्नही केलं, पण मी म्हटलं तेव्हा. कौसल्या बुलडाण्याला मुख्याध्यापिका झाली. मलकापूरची खोली सोडताना तिने ते पातेलं माझ्या सामानात कोंबलं. "तुलेच लागते," म्हणाली. पुढे फोन आले तेव्हा तब्येत, मुलं हे सगळं नंतर, पहिला प्रश्न ठरलेला: "काय करपलं आजकाल?" म्हणजे, काय वाचते आहेस? काही करपलं नाही म्हटलं तर काळजीत पडायची. "बरं नाही का वं तुले?"

ती गेल्यावर मी त्याच पातेल्यात कण्या लावल्या. बूड कधीचं काळं पडलेलं, घासून निघत नाही. शेजारी पुस्तक घेऊन मोठ्याने वाचलं. कण्या अगदी मऊसूत झाल्या. दुसऱ्या खेपेलाही तसंच. न लागलेल्या त्या कण्या ताटात घेऊन मी रडले... काही आठवडे माझ्याकडे काहीच करपलं नाही.

काल एका तरुण मुलीचं पुस्तक हाती आलं. आपल्याच बोलीत लिहिलेलं, धीट आणि खट्याळ. कण्या शिजत टाकून ओट्याशी उभी राहून वाचू लागले आणि वाचतच राहिले. धूर नाकात गेला तेव्हा भानावर आले. गॅस बंद केला आणि हात सवयीने फोनकडे गेला. तिचा नंबर अर्धा फिरवून झाला होता. मग फोन ठेवला, ताक घेतलं आणि जेवायला बसले. ऐकलेलं सांगितल्याशिवाय ताट नाही, म्हणून समोरच्या रिकाम्या पाटाला आधी सगळं सांगितलं. कण्या कडू होत्या. एकूण एक संपवल्या.