इवायाची पंगत

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मिळून आमच्या मोठ्या नणंदबाईंइतकं तिखट नाक दुसऱ्या कुणाचं असेल, असं मला वाटत नाही. त्या अहेरीला राहतात, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यात. आम्ही गोंडपिपरीला, नदीच्या अलीकडे, जिथं बंदी मधली काही वर्षं आली आणि उठली. बाईंची सगळी नोकरी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून झाली, त्यामुळे घरात आलेल्या पाहुण्याला त्या आधी खालची पापणी ओढून बघतात, ‘रक्त कमी हाये’ म्हणतात, आणि मग ‘कवा आली?’ असं विचारतात. पुरुष पाहुणा असेल तर त्याला ‘हा’ करायला लावून तोंडाचा वास घेतात. महिला मंडळाबरोबर त्यांनी उमेदीच्या काळात मोहाच्या दारूची इतकी मडकी फोडली की अहेरीचे कुंभार त्यांना लांबून नमस्कार करत. लग्नात मांडवाच्या दारात अत्तर लावायला त्याच उभ्या राहतात. अत्तर हे निमित्त. एकदा एका वरपक्षाच्या मामानं मूठभर बडीशेप चघळत मान वळवून आत शिरायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, “बडीशेप खाल्ली ते बरं केलं, पोट साफ राहीन. आता घरी जाऊन झोपा.” मामा गेला. मंगलाष्टकं त्याच्याशिवाय झाली.

अशा बाईंच्या पोटी जन्मलेली मुलगी शिकायला स्कॉटलंडला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून बसली. लग्न अहेरीला झालं. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. हा इवाई उंच, लालबुंद, पांढऱ्या मिशांचा विधुर गृहस्थ, आणि मांडवात आला तो चौकडीचा घागरा नेसून. बायका पदराआड हसू लागल्या. बाई म्हणाल्या, “घागरा घातला तं का झालं? गुडघे पाहा किती मजबूत हायेत.” मग त्यांनी दारात त्याला अत्तर लावलं आणि नियमाप्रमाणे जवळ जाऊन वास घेतला. त्याला वाटलं हा इथला विधीच आहे. त्यानं गंभीरपणे कमरेत वाकून बाईंच्या डोक्याचा वास घेतला. बाई मागं सरकल्या आणि म्हणाल्या, “मानूस निर्मळ हाये. बसवा.”

त्यानंतरचे आठ-दहा दिवस तो अहेरीतच होता. दोघांना एकमेकांच्या भाषेचं अक्षरही येत नव्हतं, पण सकाळी अंगणात बसून दोघं तुरीच्या शेंगा सोलत आणि तासन्‌तास बोलत, तो त्याच्या बोलीत आणि बाई आमच्या इथल्या झाडीबोलीत. मी एकदा विचारलं, “बाई, तुम्हाला काय कळतं हो?” त्या म्हणाल्या, “सगळं समजते वं. बायको गेली, घर मोठं हाये, थंडी लय हाये. आनखी का समजायचं?” निघताना त्यानं मुलीकडून सांगितलं की त्यांच्या देशात एका जुन्या कवीच्या जन्मदिवशी दर जानेवारीत घरोघर पंगत होते, त्याच्याकडेही होते, आणि बाईंनी एकदा यावंच. बाईंनी ‘येतो’ म्हटलं. आमच्याकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात.

तो मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात वारला.

त्यापुढच्या जानेवारीत मुलगी आणि जवाई नागपूरहून गाडीनं अहेरीला निघाले, ते वाटेत आमच्याकडे थांबले. बाई त्यांना भेटायला आधीच येऊन बसल्या होत्या. जवाई वाळला होता. बाईंनी त्याची पापणी ओढून पाहिली आणि त्याच्या चहात आणखी दोन चमचे साखर घातली. चहा झाल्यावर मुलीनं बॅगेतून स्वेटरमध्ये गुंडाळलेली अर्धी बाटली काढली. म्हणाली, “आई, ही याच्या बाबांची व्हिस्की. दरवर्षीच्या पंगतीत यातलीच द्यायचे. यंदा यानं पंगत करायची नाही म्हटलं, घराला कुलूप लावलं. मला ती तिथं एकटी ठेववली नाही.” एवढं बोलून ती बाईंकडे बघायलाही घाबरली. आमचे हे तर उठून बाहेरच गेले.

बाईंनी बूच काढून वास घेतला. “ही बोतल पूल वलांडनार नाई,” त्या म्हणाल्या. “तिकडं बंदी हाये, आनं ते बंदी मी आनली हाये.” मुलीचे डोळे भरले. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “इवायाची पंगत मंग तुयाच घरी होईन. तुले चालते न?”

पुढचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. पहिल्यांदा अहेरीला मंडळात फोन लावला. “मी आज दारूच्या पंगतीले बसनार हाये. मांगून कोनाच्या तोंडून आयकाल, त्याच्यापेक्षा आताच माह्या तोंडून आयका.” पलीकडे काय गडगडाट झाला तो मला ऐकू येत होता. फोन ठेवला तेव्हा बाईंचा चेहरा उतरला होता. ज्या बायकांबरोबर त्या उन्हातान्हात हिंडल्या, त्यांच्यातल्या एकीनं ‘आता मंडळात येऊ नका’ म्हटलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, “तिचं बी बरोबर हाये.” आणि खाटकाकडे गेल्या.

मुलीनं सांगितलं त्याप्रमाणे त्या पंगतीचा मुख्य पदार्थ म्हणजे मेंढीच्या कोथळ्यात काळीज, फुप्फुस वगैरे बारीक करून भरायचं आणि शिजवायचं. मेंढी मिळाली नाही, बकरा मिळाला. ओट नव्हते, ज्वारीचा भरडा घेतला. सलगमाच्या जागी कोहळं आलं, आलू होतेच. कोथळा शिवायची वेळ आली तेव्हा बाईंनी हात कोपरापर्यंत धुतले, सुई उकळून घेतली आणि असे सुरेख टाके घातले की जवाई वाकून बघत राहिला. “सात दिवसांनी टाके काढायचे का?” यांनी विचारलं. बाईंनी यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं.

दिवेलागणीला मंडळातली त्यांची एक जुनी सोबतीण एसटीनं अहेरीहून येऊन दारात उभी राहिली. जंगलातल्या गावची ही गोंड बाई, मडकी फोडायला बाईंच्या पुढं असायची. आम्हाला वाटलं, भांडायला आली. ती म्हणाली, “पाहाले आली, का करता तं.” आणि ओसरीवर बसली.

ताटलीत तो वाफाळता गोळा ठेवला. रीत अशी की घरच्या पुरुषानं सुरी हातात घेऊन उभं राहायचं, पदार्थालाच उद्देशून कविता म्हणायची आणि मग तो कापायचा. जवाई उभा राहिला. दोन ओळी म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. मुलगी उठायला लागली, पण बाईंनी तिला बसवलं आणि स्वतः उठून त्याच्या हातातली सुरी घेतली.

“बसा जवाईबापू. मी बोलतो.” मग त्या गोळ्याकडे पाहून म्हणाल्या, “बकऱ्या, आयक. तू आमच्या इथचाच. कोनासाठी मेला, तुले मालूम नाई. इवाई असता तं त्यानं तुयी लय तारीफ केली असती, त्याले गोड बोलता ये. मले नाई येत. मी तुले धुतलं, शिवलं, उकळलं. काई चुकलं असन तं मले बोल, त्याच्या लेकराले उपाशी ठेवू नोको.” आणि त्यांनी सुरी चालवली. वाफ वर आली. जवायाला शब्द कळले असतील-नसतील, पण तो हसायला लागला आणि हसता हसता तोंड झाकून रडला. बाप गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता, हे मुलीनं मला नंतर सांगितलं.

आता व्हिस्की. बाईंनी खोकल्याच्या औषधाचं मोजमापाचं टोपण काढलं. तेवढ्यात ती सोबतीण म्हणाली, “आमच्यात पहिले गेलेल्याले देतेत, मंग बाकीचे.” बाईंनी पहिलं टोपण तिच्या हाती दिलं. तिनं अंगणात जाऊन थेंब थेंब मातीवर सोडलं आणि गोंडीत काहीतरी पुटपुटली. मग जवायाला एक, मुलीला अर्धं, यांना एक. यांनी पुन्हा टोपण पुढं केलं, तर बाई म्हणाल्या, “दुसरा डोस सहा घंट्यानं.” स्वतः त्यांनी आणि सोबतिणीनं चहा घेतला. जाताना ती बाईंना म्हणाली, “मंडळात येत जा. जे येऊ नोका म्हनली, तिले मी सांगतो.”

यंदा मुलीला बाळ झालं, त्यामुळे ती दोघं आली नाहीत. जानेवारीत बाई एकट्याच दुपारच्या गाडीनं आल्या, पिशवीत बकऱ्याची वजडी घेऊन. आम्ही तिघांनी भाकरीबरोबर खाल्ली. कुणी कविता म्हटली नाही. हे बाहेर पानठेल्यावर गेल्यावर बाई भांडी घासता घासता मला म्हणाल्या, “त्याचं गाव कसं असन वं?”

“थंड असेल,” मी म्हटलं.

“पासपोट काढला होता मी. कोनाले सांगतलं नाई.” त्यांनी ताट विसळून उपडं ठेवलं. “तो या म्हने, मी येतो म्हने. लेकीच्या घरी जाईन आता, ते येगळं. पन इवायाच्या घरी जायाचं होतं मले.”

आणि पाचची गाडी चुकेल म्हणून ओल्या हातानंच पिशवी उचलून निघाल्या.